घरचा माल फ्रीजरमध्ये साठवा, पण पिशवीविना

या अंकात ऊस सोडून आम्ही वाटाण्यावर आणि डाळीवर लिहीत आहोत, म्हणून कोणी बुचकळ्यात पडू नये. विषय आपल्या फडातलाच आहे. पूर्वहंगामी आणि सुरू उसात आंतरपीक घ्या, म्हणजे ऊस मोठा होईपर्यंत मोकळ्या जागेचे चार पैसे होतील, असे शेतकी खात्यातर्फे आम्ही वेळोवेळी सांगत आलो आहोत. पुष्कळ सभासदांनी ते मनावर घेतले. हरभरा, वाटाणा, फ्लॉवर, कोबी, मेथी, कोथिंबीर उसाच्या सरीत दिसू लागली. पण माल निघतो तो सगळ्यांचा एकदम. पौष-माघात बाजारात ढीग लागतो, भाव पडतो आणि "पिकतं तिथं विकत नाही" ही म्हण खरी ठरते. विकून उरलेला माल मग शेजारीपाजारी जातो, नाहीतर जनावरांपुढे पडतो. त्याच घरात जून महिन्यात वाटाणा आणि कोथिंबीर चढ्या भावाने विकत आणावी लागते. हे काही शहाणपणाचे नाही.

आता पुष्कळ घरांत फ्रीज आहे. काहींकडे दुधाच्या धंद्यासाठी किंवा दुकानासाठी घेतलेला डीप फ्रीजरही आहे. घरचा माल त्यात साठवण्याची पद्धत वाढली, ही चांगली गोष्ट झाली. पण तिच्याबरोबर पातळ प्लास्टिक पिशव्यांचा गठ्ठाही घरात आला. फ्रीजरमध्ये काही ठेवायचे म्हणजे पिशवीत भरून गाठ मारूनच ठेवायचे, असा समज झाला आहे. तो काढून टाकावा, एवढ्यासाठी हा लेख.

पिशवी जाते कुठे?

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी घातली, हे आपण जाणताच. कायद्याची बाजू आहेच. पण आम्ही बोलतो ते शेताच्या बाजूने.

फ्रीजरमधली पिशवी कडक होते, गाठ सुटत नाही, म्हणून फाडली जाते. फाडलेली पिशवी उकिरड्यावर जाते. उकिरड्याचे शेणखत होते आणि लागणीच्या आधी ते शेतात पडते. शेण कुजते, पाचट कुजते, पिशवी काही कुजत नाही. तिचे तुकडे होतात आणि ते सरीत राहतात. पाचट न जाळता कुजवा म्हणून आम्ही सांगायचे आणि खतातून प्लास्टिक शेतात घालायचे, याला अर्थ काय?

दुसरी गोष्ट जनावरांची. भाजीच्या देठासकट पिशवी गाईच्या पुढ्यात पडली तर ती देठ वेगळे काढून खात बसत नाही, पिशवीसकट गिळते. ती पिशवी कोटीपोटात अडकते, रवंथ होत नाही, पुढे सरकत नाही. अशा पिशव्या साठत गेल्या की जनावर खाणे सोडते, दूध तोडते आणि शेवटी पोट फाडून गोळा काढण्याची वेळ येते. एक रुपयाच्या पिशवीपायी दुभती गाय गमावणे, हा हिशेब कुणालाच परवडणारा नाही. आणि पिशव्या चुलीत किंवा बंबात जाळणे हा तर त्यावरचा उपाय मुळीच नव्हे. तो धूर घरातल्याच माणसांच्या छातीत जातो.

ऊस आणि वाटाणा यांचा नियम एकच

माल टिकतो तो पिशवीमुळे नव्हे. ताजा माल, उकळत्या पाण्याचा चटका, कोरडेपणा, पूर्ण भरलेला डबा आणि न तुटणारी थंडी, या पाच गोष्टींनी तो टिकतो. या पाच सांभाळल्या तर पिशवी नसली तरी चालते. या सांभाळल्या नाहीत तर भारीतली पिशवीसुद्धा कामाची नाही.

तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गव्हाणीवर पडला पाहिजे, असा आमचा आग्रह का असतो? ऊस तुटला तरी त्याच्या आतली विकरे थांबत नाहीत. ती साखरेचे विघटन करीत राहतात. उसाचे वजन घटते, साखर उतारा घटतो. वाटाण्याचेही तसेच आहे. शेंग तोडल्यापासून दाण्यातल्या गोडीचा स्टार्च होऊ लागतो. सकाळी गोड असलेला दाणा दोन दिवस घमेल्यात पडला की पिठूळ लागतो. फ्रीजर हा गेलेली गोडी परत आणणारा कारखाना नाही. जसा माल घालाल तसाच बाहेर येईल. म्हणून सकाळी तोडा, दुपारी सोला आणि संध्याकाळपर्यंत फ्रीजरमध्ये घाला.

दुसरे असे, की थंडीने जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ थांबते. विकरे तर फ्रीजरमध्येही हळूहळू काम करतच राहतात. त्यांना बंद करायचे असेल तर गोठवण्याआधी उकळत्या पाण्याचा चटका द्यावा लागतो. हे केले नाही तर दोन-तीन महिन्यांत भाजीचा रंग उडतो आणि वाळल्या गवतासारखा वास येतो.

चटका कसा द्यावा?

अर्धा किलो भाजीला सुमारे चार लिटर पाणी खळाखळा उकळावे. भाजी मलमलच्या फडक्यात सैल बांधून किंवा चाळणीत घेऊन पाण्यात सोडावी. पाणी पुन्हा उकळू लागले की घड्याळ लावावे.

वाटाण्याचे दाणे : दीड ते दोन मिनिटे.
सोलाणे (ओला हरभरा), तुरीचे ओले दाणे, पावटा : दोन ते तीन मिनिटे.
फ्लॉवरचे तुरे, श्रावणघेवडा : तीन मिनिटे.
गाजराच्या फोडी : दोन मिनिटे.
पालक, मेथी : दोन मिनिटे, पाणी दुप्पट घेऊन.

वेळ झाली की भाजी लगेच गार पाण्यात घालावी आणि जेवढा वेळ चटका दिला तेवढा वेळ गार होऊ द्यावी. बर्फ असल्यास उत्तम, नसल्यास माठातले पाणी दोनदा बदलावे. नंतर चाळणीत निथळून स्वच्छ कापडावर पसरावी आणि कापडानेच टिपून कोरडी करावी. पालेभाजी मुठीत दाबून पाणी काढावे. इथे घाई केली तर दाण्यावर बर्फ चढतो आणि सगळ्याचा एक दगड होतो.

हिरवी मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता, ओले खोबरे, आले-लसूण यांना चटक्याची गरज नाही. नुसते धुऊन कोरडे करावे.

भांडी कोणती?

आपल्या घरात फळीवर जी भांडी उपडी पडून आहेत तीच.

१. स्टीलचा डबा : याच्यासारखे दुसरे भांडे नाही. तो फुटत नाही, गंजत नाही, आंबट मालालाही चालतो आणि थंडी लवकर आत पोचवतो. उभ्या डब्यापेक्षा पसरट डबा बरा, कारण त्यात माल लवकर गोठतो. वाटाण्यासारखे सुटे दाणे आधी ताटात एका थरात पसरून दोन-तीन तास गोठवावेत, मग डब्यात भरावेत. म्हणजे दाणे सुटे राहतात, हवे तेवढे काढून झाकण लावता येते आणि पिशवीचे काही काम उरत नाही.

डबा गच्च भरावा. डब्यात मोकळी हवा राहिली की मालातली ओल उडते आणि दाण्यावर पांढरे कोरडे डाग पडतात. तो माल विषारी होत नाही, पण चव जाते. म्हणून एका मोठ्या डब्याऐवजी एका वेळच्या भाजीचे चार लहान डबे करावेत. डबा निम्मा झाला की उरलेला माल लहान डब्यात घालावा. रबरी कडीचे क्लिपचे डबे असतील तर ते लांब मुदतीच्या मालाला राखावेत. साध्या झाकणाच्या डब्यातला वाटाणा चार महिन्यांत संपवावा. आपल्याला तरी तो पावसाळ्याच्या तोंडापर्यंतच हवा असतो.

गोठलेल्या स्टीलला ओला हात लावू नये, कातडी चिकटते. झाकण अडकले तर ठोकू नये, बाहेरून साधे पाणी सोडावे.

२. काचेची बरणी : जॅमच्या, लोणच्याच्या रुंद तोंडाच्या, सरळ बाजूच्या बरण्या चालतात. खांदा असलेली, मानेला निमुळती बाटली मात्र घेऊ नये. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. ते वर सरकायला जागा मिळाली नाही तर मानेपाशी काच तडकते. आमरस, टोमॅटोचा रस, चिंचेचा कोळ असा पातळ माल भरताना वर दोन बोटे जागा सोडावी. गरम माल भरून बरणी फ्रीजरमध्ये ठेवू नये आणि गोठलेल्या बरणीवर गरम पाणी ओतू नये. आदल्या रात्री ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावी. बरणीला तडा गेला तर आतला माल सगळा टाकून द्यावा. काचेची कणी डोळ्याला दिसत नाही.

३. बर्फाचा साचा : लिंबाचा रस, आले-लसणाचे वाटण, कोथिंबीर-मिरचीचे वाटण साच्यात गोठवून वड्या बरणीत भराव्यात. एका भाजीला एक वडी. लिंबू स्वस्त असते तेव्हा हे करून ठेवले तर उन्हाळ्यात सरबताला दुकानात जावे लागत नाही.

४. कापडी पिशवी : ती फ्रीजरसाठी नव्हे. कापडातून ओल उडून जाते. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात कोथिंबीर, मेथी ओलसर फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवण्यास कापड चांगले.

ॲल्युमिनिअमच्या आणि कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात आंबट माल ठेवू नये.

काही भगिनी विचारतील, की घरात आधीपासून असलेल्या प्लास्टिकच्या डब्यांचे काय करायचे? ते फेकून देऊ नयेत. खाण्याच्या मालाचे चांगले डबे थंड माल ठेवायला वापरावेत, फुटेपर्यंत वापरावेत. आहे ते टाकून नवे घेणे म्हणजे कचऱ्यात भरच. नवी पिशवी घरात येऊ देऊ नये, इतकेच आमचे म्हणणे.

फ्रीजरलाही गाळप क्षमता असते

कारखान्याच्या क्षमतेपेक्षा जास्त ऊस एकदम आणला तर यार्डात गाड्या उभ्या राहतात आणि ऊस वाळतो. फ्रीजरचे तेच आहे. साठ-सत्तर लिटरच्या फ्रीजरमध्ये एका दिवसात दोन-अडीच किलोपेक्षा जास्त नवा माल घालू नये. दहा किलो शेंगांचे साधारण चार ते साडेचार किलो दाणे निघतात, म्हणजे ते दोन दिवसांत घालायचे. एकदम सगळे घातले तर जुना मालही मऊ पडतो आणि नवा सावकाश गोठून पिचका होतो. नवे डबे बाजूच्या भिंतीला लागून, एकमेकांत बोटभर अंतर ठेवून लावावेत. गोठले की मग एकावर एक रचावेत.

लांब मुदतीच्या साठवणीला उणे १८ अंश सेल्सिअस तापमान लागते. दोन दारांच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात आणि डीप फ्रीजरमध्ये ते मिळते. एका दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात बहुधा मिळत नाही. ओळखायची खूण सोपी आहे : आइस्क्रीम दगडासारखे कडक राहत नसेल तर त्या कप्प्यातला माल महिन्याभरात संपवावा.

प्रत्येक डब्यावर खळीने कागदाची चिठ्ठी लावून मालाचे नाव आणि तारीख लिहावी. आपण लागण नोंद करतो आणि तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेप्रमाणे लावतो ना? तसेच इथे. जुना डबा आधी, नवा नंतर. इथे वशिला चालत नाही!

वस्तीवरची वीज गेली तर?

मळ्यातल्या वस्तीवर विजेचा भरवसा धरता येत नाही, हे आम्ही जाणून आहोत. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

दार उघडू नये. गच्च भरलेला डीप फ्रीजर बंद दाराने सुमारे दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. आपल्या उन्हाळ्यात याहून कमी धरावे, आणि घरगुती फ्रीजच्या वरच्या कप्प्याला तर आणखी कमी.

फ्रीजर रिकामा ठेवू नये. जागा उरली तर स्टीलच्या डब्यात पाणी भरून, वर थोडी जागा सोडून, बर्फ करून ठेवावा. तो बर्फ वीज गेल्यावर थंडी धरून ठेवतो.

वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे आणि ती वाटी फ्रीजरमध्ये कायम राहू द्यावी. परगावी जाऊन आल्यावर नाणे वर असेल तर माल सुरक्षित. नाणे बर्फाच्या तळाशी गेले असेल तर आपल्या मागे वीज पुष्कळ वेळ गेली होती, माल वितळून पुन्हा गोठला, असे समजावे आणि तो खाऊ नये.

मालात अजून बर्फाचे कण असतील तर तो पुन्हा गोठवता येतो, चव थोडी कमी होईल इतकेच. पण पूर्ण वितळून दोन तासांपेक्षा जास्त वेळ कोमट राहिलेला माल, विशेषतः मटण, मासळी, दुधाचा पदार्थ, टाकून द्यावा. वास बरा आहे म्हणून ठेवू नये. कच्चे मटण नेहमी वेगळ्या डब्यात आणि सर्वांत खालीच असावे.

डाळी, पीठ आणि शेंगदाणे

वर्षाची बेगमी करताना पोत्याने घेतलेले धान्य काही फ्रीजरमध्ये मावत नाही, आणि घालण्याची गरजही नाही. धान्य कडक उन्हात वाळवावे. दाताखाली कटकन फुटले म्हणजे वाळले. सावलीत गार करून पत्र्याच्या कोरड्या कोठीत भरावे. तूर डाळीला एरंडेल तेलाचा हात लावणे, धान्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालणे, या आपल्या आजीच्या पद्धती प्लास्टिक येण्याआधीच्या आहेत आणि त्या आजही चालतात.

फ्रीजरचा उपयोग होतो तो भुंग्याच्या अंड्यांवर. हरभरा, मूग, चवळी वरून स्वच्छ दिसली तरी दाण्यावर अंडी आणि दाण्याच्या आत अळी असू शकते. पाच-दहा किलो डाळ असेल तर दोन-दोन किलोचा डबा भरून आठवडाभर उणे १८ अंशात ठेवावा. अंडी, अळी, भुंगा सगळे मरते. डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये. तो बाहेरच्या हवेइतका होऊ द्यावा, वर जमलेले पाणी पुसावे, मगच उघडावा. नाहीतर डाळीला ओल धरते. नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. बियाण्याचे धान्य मात्र असे फ्रीजरमध्ये घालू नये. त्यात ओल राहिली असेल तर कोंब मरतो.

एक कळकळीची सूचना. भुंगा लागू नये म्हणून काही जण धान्यात ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकतात. राहत्या घरात हे कदापि करू नये. ओलीशी संबंध येताच त्या गोळीतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो आणि त्याच खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव जाऊ शकतो. ते काम प्रशिक्षित माणसाचे, आणि ते गोदामात. चार किलो डाळीसाठी घरातली लेकरे धोक्यात घालू नयेत.

बाजरीचे पीठ काही दिवसांतच कडू होते, कारण दाण्यातल्या तेलाला हवा लागते. ते थोडे थोडे दळावे. जास्त दळले तर डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवावे. शेंगदाण्याचे कूट, तीळ, जवस, कारळे हेही तेलाचे जिन्नस. काचेच्या बरणीत फ्रीजरमध्ये ठेवल्यास खवट होत नाहीत. पण बुरशी धरलेला शेंगदाणा गोठवल्याने चांगला होत नाही. बुरशीचे विष थंडीने जात नाही. असे दाणे निवडून फेकावेत, जनावरालाही घालू नयेत.

साखर आणि गूळ फ्रीजरमध्ये ठेवण्याचे काही कारण नाही. दोन्ही ओल ओढतात. सभासदांना मिळणारी साखर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी आणि डबा जमिनीपासून उंच फळीवर ठेवावा.

हे गोठवू नये

कच्चा बटाटा, काकडी, कलिंगड, कोशिंबिरीचा मुळा, सालीसकट अंडे आणि दही. बटाटा काळा आणि पाणचट होतो, काकडी लगदा होते, अंडे फुटते, दही फाटते.

सभासद बंधू-भगिनींनो, यात नवीन खर्चाचे काही नाही. डबे घरचे, पाणी घरचे, माल घरचा. यंदा आंतरपीक निघेल तेव्हा निदान दहा किलो वाटाणा किंवा सोलाणे या पद्धतीने साठवून पाहावे आणि कोणत्या डब्यात किती दिवस चांगले राहिले याची नोंद ठेवावी. ती नोंद आपल्या गट ऑफिसात शेतकी मदतनिसाकडे दिली तर आम्ही पुढे इतरांनाही सांगू. कमी प्लास्टिक हा उपदेशाचा विषय नाही. उकिरडा स्वच्छ राहिला तर खत स्वच्छ, खत स्वच्छ तर सरी स्वच्छ. आणि त्याच सरीत आपला पुढचा ऊस उभा राहायचा आहे.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी